पितर म्हणून बसलेली मुलगी

देणगी मागायला आपण ज्या घरात जातो, त्या घरात बहुतेक वेळा आधी कुणीतरी गेलेलं असतं. हे मी एका प्रशिक्षणात बोलून गेले, तर मुंबईहून आलेली तरुण मंडळी हसली. हसा बाबांनो, म्हटलं. चार वर्षं लोकांच्या सोफ्यावर बसा, मग या माझ्याशी बोलायला.

पाथर्डीच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी, ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या मुलींसाठी आमचं वसतिगृह आहे. दिवाळीच्या आसपास आईबाप ट्रकमध्ये बसून कारखान्याकडे निघतात, ते उन्हाळ्यात परत येतात. पोरी आमच्याकडे राहून शाळा शिकतात. मी तिथली संचालिका. नाव भारदस्त, पण काम म्हणजे पुढच्या महिन्याची तूरडाळ कुठून येणार याचा घोर. कंपन्यांचे अर्ज भरायचे, नागापूरच्या एमआयडीसीत साहेबांच्या केबिनबाहेर ताटकळायचं, आणि उरलेला सगळा वेळ लोकांच्या दिवाणखान्यात चहा पीत त्यांच्या गेलेल्या माणसांच्या गोष्टी ऐकायच्या. वाढदिवसाला देणारे असतात, नाही असं नाही. पण आमचं बरंचसं धान्य मेलेल्यांच्या नावानं येतं, हे खरं.

त्यामुळे आमच्या जेवणाच्या हॉलच्या भिंतीवर फोटोच फोटो. ज्याची तिथी असेल त्याचा फोटो त्या दिवशी खाली काढायचा, पाटावर ठेवायचा, हार घालायचा. पहिलं ताट त्याच्यापुढे. पोरींनी हात जोडायचे, मग पंगत. पंगतीचा फोटो काढून देणगीदाराला मोबाईलवर पाठवायचा. पोरींना ती भिंत घरच्यासारखी झालेली. ‘आज मिशीवाल्या आजोबांचं जेवण, म्हणजे जिलेबी!’ असं म्हणत उड्या मारायच्या. मेलेली माणसं म्हणजे गोड खायला घालणारी माणसं, एवढंच त्यांना ठाऊक. मला त्यात कधी काही वावगं वाटलं नाही. नगरच्या सावेडीतलं ते जोडपं येईपर्यंत.

नवरा-बायको दोघंच. त्यांचा एमआयडीसीत छोटा कारखाना, यंत्रांचे भाग बनवण्याचा. एकुलती एक मुलगी तापानं गेलेली, नऊ-दहा वर्षांची. ते फोटो घेऊन आले असते तर मी नेहमीसारखा खिळा ठोकून घेतला असता. पण त्यांनी फोटो आणलाच नाही. ते वसतिगृह बघत फिरले, पोरींकडे बघत फिरले, आणि मग त्या वहिनी मला म्हणाल्या, "ताई, आम्हाला पितर जेवू घालायचंय. तिच्या वयाची मुलगी द्याल का?"

आमच्याकडे पितरांच्या पंधरवड्यात घरातलं जे माणूस गेलं, त्याच्या जागी गावातलं कुणीतरी जेवायला बोलावतात. म्हातारा गेला असेल तर म्हातारा, सवाष्ण गेली असेल तर सवाष्ण. त्या दिवसापुरतं तेच पितर. त्याचे पाय धुवायचे, गंध लावायचं, गेलेल्याच्या आवडीचं वाढायचं, आणि शेवटी विचारायचं, पोट भरलं का? त्यानं भरलं म्हटलं की गेलेल्याचं भरलं. माझ्या सासऱ्यांच्या जागी आमच्या गल्लीतले शिंपीकाका कितीतरी वर्षं जेवून गेले. पान खाऊन, गप्पा मारून, ढेकर देऊन जायचे. त्यात भिण्यासारखं काय आहे?

पण लेकराचं पितर कुणी घालत नाही. निदान मी तरी ऐकलेलं नव्हतं. आमच्या स्वयंपाकाच्या मावशींनी तर ऐकताक्षणी पदर तोंडाला लावला. "असलं नगं बाई," म्हणाल्या. मी त्यांना गप्प केलं. समोर आई बसली होती हो! जिचं पोर गेलंय तिच्यापुढे शास्त्र कसलं काढायचं?

मुलगी त्यांनीच निवडली. चौथीतली, बारीक चणीची, मोठ्या डोळ्यांची. शेवगावकडची. बोलायला चुरूचुरू. तिच्या आईला मी फोन केला, तर ती म्हणाली, "जेवायलाच जायचंय न्हवं? जाऊ द्या की. चांगलंचुंगलं खाईल." पितर म्हणजे काय हे तिला मी सांगायची गरजच नव्हती. तिच्या घरी दर वर्षी होतच होतं.

पहिल्या वर्षी मी स्वतः तिला घेऊन गेले. सावेडीतला बंगला, पुढे पेरूचं झाड, आत सगळं लखलखीत. त्या लखलखाटातच मला काहीतरी खुपायला लागलं. घरात लहान मूल असल्यासारखं सगळं मांडलेलं. दाराशी छोट्या चपला, धुतलेल्या. खुंटीला दप्तर. दप्तराच्या बाजूला पाण्याची बाटली, आणि बाटलीत पाणी. मी ती बाटली निरखतेय हे वहिनींनी पाहिलं. "रोज बदलते," त्या सहज म्हणाल्या. "शिळं पाणी ती पीत नाही."

पीत नाही. प्यायची नाही, असं नाही. मी चहाचा कप खाली ठेवला.

त्यांनी मुलीचे पाय धुतले, पुसले. मग आतून एक पिवळा फ्रॉक आणला, पाठीला बटणं असलेला, आणि तिला घातला. थोडा सैल झाला. मग साहेब, वहिनींचे यजमान, पुढे आले. साधा, शांत माणूस, आवाज चढवलेला मी कधी ऐकला नाही. त्यांनी मुलीचा हात धरून तिला आतल्या खोलीच्या दाराशी नेलं आणि चौकटीला पाठ लावून उभं केलं. चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा होत्या, खालून वर चढत गेलेल्या. वरच्या एका रेघेपाशी त्या संपत होत्या. साहेबांनी तळहात मुलीच्या डोक्यावर आडवा ठेवला. हात शेवटच्या रेघेच्या खाली आला. त्यांनी सुस्कारा सोडला आणि बायकोकडे बघून होकाराची मान हलवली.

"या बाळा, जेवायला," वहिनी म्हणाल्या.

पोरीनं काय ताव मारला म्हणून सांगू! शेवयांची खीर, पुऱ्या, भजी, कढी, वडे. दोघं तिच्या दोन्ही बाजूंना बसून बघत होते. तिच्या प्रत्येक घासाबरोबर वहिनींचं तोंड हलायचं, स्वतःच्या तोंडात काही नसताना. शेवटी त्यांनी विचारलं, "पोट भरलं का?" "लई भरलं," पोरगी म्हणाली. वहिनींनी डोळे मिटून घेतले. दुपारी त्यांनी तिला त्या आतल्या खोलीत, त्या छोट्या पलंगावर झोपवलं. दार ओढून घेतलं. मी बाहेर बसून राहिले. उन्हाची वेळ, रस्त्यावर रिक्षासुद्धा नाही. घरात तिघं मोठी माणसं, आणि मोठ्यानं बोलायची कुणाची छाती होईना, कारण आत मूल झोपलं होतं.

गाडीत परतताना मी तिला विचारलं, "कसं वाटलं गं?" ती म्हणाली, "काकूंचा हात लई मऊ हाय." मग खिडकीबाहेर बघत बसली. तिची आई वर्षातले सहा महिने कोयता धरते. तिच्या हाताला घट्टे आहेत. पोरीला त्या मऊ हाताचं अप्रूप वाटलं, यात तिची काय चूक?

त्यानंतर त्यांचं देणं वाढलं. गहू यायला लागला, पोरींना स्वेटर आले. मग साहेबांनी आपण होऊन नव्या न्हाणीघरांचा विषय काढला. आमच्या पोरी पत्र्याच्या आडोशाला अंघोळ करायच्या; वाऱ्यानं पत्रा उडाला की आरडाओरडा. कितीतरी कंपन्यांचे उंबरे मी त्यासाठी झिजवले होते. आता हा माणूस म्हणत होता, बांधून देतो. आमच्या संस्थेच्या अध्यक्षांना तर आकाश ठेंगणं झालं.

दुसऱ्या वर्षी फ्रॉक बरोबर बसला. चौकटीशी उभं केल्यावर साहेबांचा तळहात शेवटच्या रेघेला जवळजवळ टेकला. त्यांनी पुन्हा पुन्हा बघितलं. खोलीत एकदम कसलंतरी ओझं आलं. वहिनी पाठीमागे बटणं लावत होत्या. त्या स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "पुढच्या वर्षी हिला होणार नाही गं हा. मग दुसरी बघावी लागेल."

मी ऐकलं. पोरीनंही ऐकलं. मला वाटलं, चला, सुटली. खरंच तसं वाटलं मला. एक मुलगी दोन वर्षं गोडधोड जेवली, आता मोठी झाली, संपला विषय. ती त्या दिवशी नीट जेवली. पण ‘पोट भरलं का’ असं विचारल्यावर अगदी शहरी उच्चारात म्हणाली, "हो, भरलं आहे." हे ‘आहे’ ती कुठून शिकली कुणास ठाऊक.

मग ते सुरू झालं. आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. एवढ्या पोरींत कोण किती भाकरी खातं, कळत नाही. मला कळलं ते वेगळ्याच गोष्टीवरून. पंगतीत तिच्या शेजारची जागा रिकामी असायची. रोज. एका पोरीची जागा. मी दटावलं, "सरकून बसा गं, एवढी ऐसपैस कशाला?" पोरी सरकल्या, पण त्या जागेवर कुणी बसेना. एक लहानगी रडायलाच लागली. तिला मांडीवर घेऊन विचारलं, तर माझ्या कानात म्हणाली, "तिथं ती बसती."

"ती कोण?"

"सावेडीची."

माझं डोकं फिरलं. सगळ्यांना उभं करून असं झापलं, की स्वयंपाकघरातली भांडी वाजली असतील. भुताखेताचं नाव काढाल तर याद राखा, म्हटलं. पोरी मुकाट्यानं बसल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा जागा रिकामी. त्या रिकाम्या जागेकडे बघताना माझ्याही अंगावर काटा यायचा, खोटं कशाला बोलू?

म्हणून मी तिच्या समोर बसून जेवायला लागले. आणि मग दिसलं. ती भाकरीचा तुकडा मोडायची, कालवणात बुडवायची, तोंडाकडे न्यायची, आणि हात खाली यायचा तो त्या रिकाम्या जागेकडे. तिथं थोड्या वेळानं कुत्र्याला टाकता येईल एवढा ढीग व्हायचा. तिच्या तोंडात दोन-चार घासच जायचे. मी तिचा दंड धरला. माझी बोटं एकमेकांना लागली.

तिला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. रक्त तपासलं, पोट तपासलं. डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. "रोग काही नाही. पण ही जेवत नाहीये, आणि असंच चाललं तर पुढच्या थंडीत साधा खोकला झाला तरी उठायची नाही. काय ते लवकर शोधा." डॉक्टर माझ्या मुलाच्या वयाचे. मी त्यांच्यावरच खेकसले, की शोधतेच आहे, झोपा काढत नाही. बाहेर येऊन नळाखाली तोंड धुतलं.

टाकीच्या सावलीत तिला जवळ बसवलं. दुपारची वेळ, पोरी शाळेत. रागावले नाही, आमिष दाखवलं नाही. नुसती बसून राहिले. शेवटी ती म्हणाली, "बाई, मी वाढले तर ती काय खाईल?"

"ती आता नाही गं बाळा. ती गेली."

"म्हणूनच की. तिला मी जेवल्यावरच मिळतं. काकू म्हणाल्या तसं." मग तिनं हिशोब सांगितला, मोठ्या माणसासारखा. रेघेच्या वर गेलं की पितर होता येत नाही. पितर नसलं की काकू बोलावणार नाहीत. काकूंनी बोलावलं नाही, तर पोरींची न्हाणीघरं होणार नाहीत. मी फोनवर अध्यक्षांशी बोलत होते तेव्हा ती व्हरांडा झाडत होती, तेवढ्यात ऐकलेलं. "म्हणून मी थांबलेय," ती म्हणाली.

"थांबलीयस म्हणजे?"

"वाढायची थांबलेय." असं म्हणून ती हसली हो! हसली. शाळेत पहिली आल्यासारखी. "बघा ना, मागच्या वर्षीचाच परकर अजून बसतो मला."

"हे तुला कुणी सांगितलं? काकूंनी?"

"कुणी न्हाई." ती गवताची काडी मोडत राहिली. "तिथं पलंगावर झोपलं की कळतं."

त्या उन्हात मला हुडहुडी भरली. काय कळतं, कसं कळतं, मी विचारलं नाही. मला ऐकायचंच नव्हतं. माझ्यापुढे एक जिवंत पोर बसलं होतं आणि त्याचा दंड माझ्या दोन बोटांत मावत होता, तेवढं मला पुरे होतं.

पितरांचा पंधरवडा जवळ आला, आणि सावेडीहून निरोप आला, आधी तिलाच आणा, फ्रॉक बसतो का बघू. मी अध्यक्षांना सांगितलं, ही मुलगी यंदा जाणार नाही. ते म्हणाले, "मॅडम, वर्षातून एक दिवस जेवून येते. तुमचं काय जातं?" मी फोन बंद केला. मोबाईल आपटता येत नाही याचं त्या दिवशी फार वाईट वाटलं. नुसतं बोटानं बंद करावं लागतं. पण पोरीला सांगितलं तेव्हा तिनं उरलेले दोन घासही सोडले. पाण्यावर राहिली. भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. तिची आई आली, शेजारी बसली, डोकं चेपत राहिली. बाहेर येऊन मला म्हणाली, "माज्यासंगं फडावर घिऊन जाऊ का? बाई, माजी पोर माज्याकडं बघतच न्हाई. माज्या मागं बघती." तिच्या मागे उघडं दार होतं आणि दारात कुणी नव्हतं.

उसाच्या फडावर नेली असती तर शाळा संपली असती, आणि त्या थंडीत उघड्यावर पोर हाती लागली नसती. मी म्हटलं, थांब. ज्यांनी हे लावलंय त्यांच्याच तोंडून सुटायला हवं. पितराच्या दिवशीच तिला घेऊन मी सावेडीला जाते.

हे सोपं नव्हतं, सांगते. देणगीदाराच्या तोंडावर खरं बोलायची आमची सवय मोडलेली असते. आम्ही हो म्हणून म्हणून जगतो. ‘बरोबर आहे तुमचं’, ‘तुमच्या भावना समजतात’, ‘मुली तुमची आठवण काढतात’. गाडीत सगळा रस्ताभर मी मनात वाक्यं जुळवत होते आणि ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. पण नगर जवळ आलं तशी ती आपोआप उठून बसली, केस सारखे केले, तिच्या डोळ्यांत तेज आलं. वळण येण्याआधी ड्रायव्हरला म्हणाली, "इथून आत." त्या घराच्या दारात ती माझा हात सोडून पुढे गेली आणि चपला काढून बरोबर त्या छोट्या चपलांच्या शेजारी ठेवल्या.

वहिनी बाहेर आल्या आणि तिला बघून जागच्या जागी थबकल्या. मला वाटलं, घाबरल्या. तसं नव्हतं. त्यांचा चेहरा उजळला. "अहो, बघा तरी," त्यांनी आत हाक मारली. "तेवढीच आहे! अजून तेवढीच आहे!"

माझी जुळवलेली सगळी वाक्यं तशीच राहिली. त्यांनी पाय धुतले. फ्रॉक आणला. तो सैल झाला होता, पहिल्या वर्षापेक्षाही सैल. साहेबांनी तिला चौकटीशी नेलं. तळहात डोक्यावर ठेवला. तो रेघेच्या जरासा खालीच आला. साहेबांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. "थांबली गं," ते बायकोला म्हणाले. "आपल्यासाठी थांबली."

आणि तेवढ्यात मला फ्रॉकचा घोळ दिसला. तो जमिनीच्या फार जवळ आला होता. मी खाली वाकून बघितलं. पोरीनं गुडघे वाकवले होते. फ्रॉकच्या आत, कुणाला दिसू नये असे. ते काटकुळे पाय लटलट कापत होते, ओठ दाताखाली धरलेला, तरी ती तोल सावरून उभी होती. उपाशी राहूनही ती रेघेच्या वर गेली होती! हाडं कुणाचं ऐकतात?

"वहिनी," मी म्हणाले, आणि माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. "तिचे गुडघे बघा. ती वर्षभर जेवली नाहीये. तुम्ही बोलवावं म्हणून जेवली नाहीये. डॉक्टर म्हणतात, ही जाईल. तुम्हाला दुसरी पण घालवायचीय का?"

असं बोलायचं नव्हतं मला. पण बोलले. साहेब म्हणाले, "नाही, नाही, ती तेवढीच आहे," आणि तळहात तिच्या डोक्यावरून काढायला तयार होईनात. दाबूनच धरला होता. वहिनी हळूच खाली बसल्या. त्यांनी फ्रॉकच्या आत हात घालून तिच्या गुडघ्यांवर हात ठेवले.

"सरळ उभी राहा," त्या म्हणाल्या.

"मी सरळच आहे, काकू." पोरगी घाईघाईनं म्हणाली. "तेवढीच आहे मी. खरंच."

"सरळ."

त्यांनी नवऱ्याचा हात तिच्या डोक्यावरून उचलला आणि बाजूला केला. पोरीचे पाय हळूहळू सरळ झाले. डोकं रेघेच्या वर आलं, बोटभर. साहेबांनी तोंड फिरवलं, आतल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. त्या खोलीतून कसलाच आवाज आला नाही.

वहिनींनी तिचा फ्रॉक काढला, तिचे स्वतःचे कपडे तिला घातले, आणि पाटावर बसवलं. ताट वाढलेलंच होतं. खीर, पुऱ्या, सगळं. पोरीनं ताटाला हात लावला नाही. पितर न जेवता बसलंय, हे आमच्याकडे कुणाला बघवत नाही. ती वहिनींकडे टक लावून बघत होती.

"मी जेवले तर पुढच्या वर्षी बोलवाल?"

मी वहिनींकडे बघितलं. मला वाटलं, आता त्या म्हणतील, हो गं, बोलावेन, कितीही मोठी झालीस तरी ये. मी त्यांच्या जागी असते तर तेच म्हटलं असतं. आयुष्यभर तेच म्हणत आलेय मी. मनातल्या मनात मी त्यांना विनवत होते, म्हणा, हो म्हणा.

"नाही," वहिनी म्हणाल्या.

"आणि न जेवले तर?"

"तरी नाही. कधीच बोलावणार नाही." त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण आवाज हलला नाही. "तुझं इथे काही नाही. ती माझी होती, ती गेली. तू माझी नाहीस."

किती दुष्ट बाई, असं मला वाटलं. माझ्या हाताच्या मुठी वळल्या. पोरीच्या डोळ्यांत पाणी भरलं. ती वहिनींकडे बघत राहिली, मग त्यांच्या मागे, त्या बंद दाराकडे, कितीतरी वेळ. मग तिनं नाक पुसलं, ताट जवळ ओढलं आणि जेवायला लागली.

आधी रागारागानं. पुरी मोडायची, कोंबायची, डोळ्यांतलं पाणी खिरीत पडायचं. मग नुसत्या भुकेनं. एवढी भूक त्या एवढ्याशा शरीरात कुठे दडून बसली होती? तिनं वाटी चाटून पुसून ठेवली आणि वर बघितलं.

"अजून द्या की," ती म्हणाली.

वहिनीच उठल्या, भिंतीला हात टेकत टेकत स्वयंपाकघरात गेल्या, आणि पातेलं घेऊन आल्या.